घोटाळ्यांवरचे ऑस्कर-नामांकित माहितीपट पाहायचेत? एन्रॉनपासून सुरुवात करा

आम्ही चिपळूणला सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक माहितीपट पाहतो. पहिल्याच बैठकीला मी मोठी चूक केली. जगभर नावाजलेला म्हणून 'द ॲक्ट ऑफ किलिंग' लावला. इंडोनेशियात १९६५-६६ साली कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली, हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही जेमतेम होतं. पडद्यावर म्हातारे झालेले मारेकरी आपण माणसं कशी मारली ते हौसेनं करून दाखवत होते, आणि हे नाटक चाललंय की खरं, तेच कुणाला कळेना. अर्ध्या तासात तिघं उठून गेली. त्यातली दोघं पुन्हा आलीच नाहीत.

काही महिन्यांनी 'एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम' लावला, एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या घोटाळ्यावरचा. बैठकीला गुहागर तालुक्यातल्या एक मावशी होत्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं, शेजारी बसलेली त्यांची भाची मधूनमधून सांगत होती. पडद्यावर दाभोळचं नाव आलं, तिथल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची दृश्यं आली आणि बघता बघता गोष्ट परत अमेरिकेत गेली. मावशी म्हणाल्या, "एवढंच?" आम्ही चित्रपट थांबवला. पुढचा तासभर त्या बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो.

राजकीय घोटाळ्यांवरचे, मोठ्या संकटांवरचे माहितीपट कसे पाहावेत, हे मला त्या दिवशी उमगायला लागलं. ज्या प्रकरणाचा एक तुकडा आपल्या घरादाराशी जोडलेला आहे, त्यापासून सुरुवात करावी. मग परदेशातला दिग्दर्शक काय सांगतो आणि काय गाळतो, ते आपोआप दिसू लागतं. ती नजर एकदा बसली की रोमानिया, ब्राझील, व्हिएतनाम, कुठलंही प्रकरण पाहता येतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

१. नामांकन म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

ऑस्करसाठी पात्र ठरलेल्या माहितीपटांतून आधी पंधरांची यादी निघते आणि मग पाचांना नामांकन मिळतं. ही निवड ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या माहितीपट विभागाचे सदस्य, म्हणजे स्वतः या क्षेत्रात काम करणारी माणसं करतात. शेवटचा विजेता मात्र सगळ्या विभागांचे सदस्य मिळून ठरवतात. त्यामुळे विजेत्यांच्या यादीपेक्षा नामांकनांची यादी नवख्या माणसाच्या जास्त कामाची, असं माझं मत झालं आहे. २००५ सालच्या माहितीपटांत एन्रॉनवरचा चित्रपट नामांकित होता, पुरस्कार पेंग्विन पक्ष्यांवरच्या चित्रपटाला गेला. पेंग्विनांचा चित्रपट सुंदरच आहे, पण तुम्ही फक्त विजेते पाहत गेलात तर एन्रॉन तुमच्या हाती लागणार नाही.

इथे एक सापळा आहे. नामांकन हे चित्रपट म्हणून केलेल्या कामाचं कौतुक असतं. त्यातलं प्रत्येक विधान कुणी कागदपत्रं लावून तपासलेलं असतं, असं समजू नका.

२. हे सामान जवळ ठेवा

- एक दोनशे पानी वही. मोबाईलवर टिपणं काढायला गेलात तर लक्ष जातं.
- घटनाक्रमाचं एक पान, आधीच लिहिलेलं (पुढची पायरी पाहा).
- नकाशा. कागदी असला तर उत्तम. ह्यूस्टन (एन्रॉनचं मुख्यालय), कॅलिफोर्निया आणि अंजनवेल (दाभोळ प्रकल्पाची जागा) कुठे आहे, ते बोट ठेवून पाहिलेलं असावं.
- मूळ भाषेतली सबटायटल्स. इंग्रजी चित्रपटाला इंग्रजीच लावा. यंत्रानं केलेलं भाषांतर हिशेबाच्या आणि कायद्याच्या शब्दांचा पार चुथडा करतं.
- चित्रपटाच्या लांबीच्या दुप्पट वेळ. एन्रॉनचा चित्रपट पावणेदोन तासांच्या वर आहे, तेव्हा अख्खी दुपार मोकळी ठेवा.
- शक्य असेल तर त्या काळातली मराठी वर्तमानपत्रं. जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. बांधीव अंक पुष्कळ ठिकाणी अजून आहेत.

३. घटनाक्रमाचं पान आधी लिहून काढा

ही पायरी गाळू नका. चित्रपटाला रंगत हवी असते, म्हणून गोष्ट मागेपुढे केलेली असते. एन्रॉनचा चित्रपट कंपनी कोसळल्यापासून सुरू होतो आणि मग मागे जातो. तुमच्याकडे सरळ क्रम नसेल तर कशामुळे काय झालं, याचा गोंधळ उडतो.

माझं पान असं होतं. १९८५ मध्ये दोन वायू कंपन्या एकत्र येऊन एन्रॉन उभी राहिली, केनेथ ले तिचे प्रमुख. १९९२ च्या सुरुवातीला अमेरिकी बाजार नियामकानं कंपनीला 'मार्क-टू-मार्केट' पद्धतीनं (ती पुढच्या पायरीत समजावली आहे) हिशेब ठेवायला परवानगी दिली. ऑगस्ट २००० मध्ये समभाग ९० डॉलरच्या आसपास पोहोचला. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचं संकट आलं. फेब्रुवारी २००१ मध्ये जेफ्री स्किलिंग मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि सहाच महिन्यांत, १४ ऑगस्टला, राजीनामा देऊन बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं एका तिमाहीत ६१.८ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी.

याच पानावर उजवीकडे एक दुसरी ओळ उभी लिहा, दाभोळची. जून १९९२: राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात प्राथमिक करार. डिसेंबर १९९३: वीज खरेदी करार. मार्च १९९५: राज्यात युतीचं सरकार. ऑगस्ट १९९५: करार रद्द. १९९६: फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प मोठ्या आकारात परत, आणि मे महिन्यात तेरा दिवसांच्या केंद्र सरकारची त्यावर मोहोर. मे १९९९: ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू. २००१: मंडळाला बिलं झेपेनात, मे महिन्यात संच बंद.

दोन्ही ओळी शेजारी आल्या की कळतं, दाभोळचं बिल थकलं ते वर्ष आणि ह्यूस्टनमध्ये सगळं ढासळलं ते वर्ष एकच. एकामुळे दुसरं घडलं, असं लगेच म्हणू नका. एन्रॉनला बुडवणारी मुख्य कारणं लपवलेली कर्जं आणि फुगवलेला नफा ही होती. पण चित्रपट पाहताना हे पान समोर असलं की तुम्ही प्रश्न विचारायला लागता.

४. एक कठीण शब्द आधी पचवा

प्रत्येक घोटाळ्यात एक तांत्रिक शब्द असतो आणि सगळं त्याच्या आड चाललेलं असतं. एन्रॉनमध्ये तो 'मार्क-टू-मार्केट'. आमच्या बैठकीत मी तो आंब्याच्या बागेवरून समजावला.

समजा तुम्ही आज हापूसची कलमं लावली आणि एका व्यापाऱ्याशी वीस वर्षांचा करार केला. साधा बागायतदार दर वर्षी पेट्या गेल्या, पैसे आले की वहीत उत्पन्न लिहितो. इथे मात्र वीसही वर्षांच्या पेट्यांचा अंदाजी नफा आजच, करार झाला त्याच वर्षी, वहीत लिहायचा. भाव किती मिळेल, तुडतुडा पडेल का, अवकाळी पाऊस येईल का, हे सगळं तुमच्याच अंदाजावर. त्या आकड्यावर बोनस वाटायचे, बँकेकडून कर्ज घ्यायचं. पुढच्या वर्षी खिशात पैसे नसतातच, म्हणून आणखी मोठा करार दाखवायचा.

दीर्घ मुदतीच्या वायू आणि वीज करारांत एन्रॉननं हेच केलं. चित्रपटात कंपनीच्या आतच बनवलेली एक गमतीची चित्रफीत आहे. तिच्यात स्किलिंग स्वतः 'भविष्यातल्या काल्पनिक मूल्या'वर हिशेब करण्याची कल्पना मांडतात. आधी शब्द समजलेला असेल तर ती फीत पाहून अंगावर काटा येतो. समजलेला नसेल तर ती नुसती ऑफिसातली थट्टा वाटते. नामांकित रोमानियन माहितीपट 'कलेक्टिव्ह'मध्ये असाच शब्द आहे, जंतुनाशकाची 'संहती'. संहती म्हणजे द्रावणात मूळ औषधाचं प्रमाण किती. प्रत्येक वेळी तो एक शब्द शोधा आणि आपल्या ओळखीच्या व्यवहारावर बसवून पाहा.

५. पहिल्यांदा सलग पाहा

वही बंद ठेवा. थांबवू नका. कुठे राग आला, कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला, एवढंच लक्षात ठेवा. संपल्यावर पाच ओळी लिहा. या पाच ओळींशी दुसऱ्या खेपेला गाठ आहे.

६. दुसऱ्यांदा वही घेऊन पाहा

खरं शिकणं इथे होतं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. मी पानाचे चार रकाने करतो: कोण बोलतंय, कोण बोलत नाही, काय खरं चित्रित झालेलं आहे आणि काय नंतर बनवलेलं आहे, आणि मला काय वाटावं असं दिग्दर्शकाला वाटतंय.

पहिला रकाना. एन्रॉनच्या चित्रपटाचा कणा म्हणजे बेथनी मॅकलीन आणि पीटर एलकाइंड हे 'फॉर्च्युन' नियतकालिकाचे दोन पत्रकार. त्यांच्याच पुस्तकावर चित्रपट बेतलेला आहे. ही कंपनी नक्की पैसे कशी कमावते, हा साधा प्रश्न मॅकलीन यांनी मार्च २००१ मध्ये छापून विचारला होता, समभाग अजून तेजीत असताना. त्यांचा अधिकार मोठा आहे. पण आपण सगळी गोष्ट त्यांच्या डोळ्यांनी पाहतोय, हेही लिहून ठेवा. शेरॉन वॅटकिन्स यांनी ऑगस्ट २००१ मध्ये ले यांना हिशेबांबद्दल सावध करणारं पत्र लिहिलं होतं, त्याही बोलतात. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर ग्रे डेव्हिस बोलतात. वीज संकटानंतर ऑक्टोबर २००३ मध्ये मतदारांनी त्यांना पदावरून दूर केलं होतं, तेव्हा त्यांच्या बोलण्यात स्वतःचा बचावही असणार.

दुसरा रकाना. ले, स्किलिंग आणि वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांची दिग्दर्शकानं घेतलेली मुलाखत चित्रपटात नाही. ते दिसतात ते जुन्या फितींमधून आणि अमेरिकी संसदेच्या समित्यांसमोर. एखाद्याला फक्त उलटतपासणीत उभं असलेलं पाहिलं की तो आपोआप गुन्हेगार दिसतो. इथे ती माणसं पुढे दोषी ठरलीही. पण सवय म्हणून लिहा: हा माणूस कुठे, कुणासमोर, कुठल्या प्रश्नाला उत्तर देताना दिसतोय? २००८ च्या आर्थिक संकटावरचा 'इनसाइड जॉब' दुसरी युक्ती वापरतो. ज्यांनी मुलाखत नाकारली, त्यांची नावं तो पडद्यावर लिहून दाखवतो. त्या पाट्यांची मी यादी केली तेव्हा लक्षात आलं की ती यादीसुद्धा पुराव्यासारखी मनावर काम करते. माणूस वकिलाच्या सल्ल्यानंही गप्प राहतो. तेव्हा नकार म्हणजे कबुली, असं धरून चालू नका.

तिसरा रकाना नवख्यांना सर्वात जास्त फसवतो. एन्रॉनच्या चित्रपटाची सुरुवात कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याच्या आत्महत्येच्या दृश्यानं होते. ते दृश्य नंतर बनवलेलं आहे. याउलट वीज व्यापाऱ्यांच्या फोन संभाषणांच्या ध्वनिफिती अगदी खऱ्या आहेत. वीज केंद्र बंद ठेवायला सांगणारी, कॅलिफोर्नियातल्या लोकांच्या हालांवर हसणारी ती तरुण मुलं कुणी नट नाहीत. पहिल्यांदा पाहताना दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक दृश्यापुढे 'ख' किंवा 'ब' लिहा. मधेच स्टॅन्ली मिलग्राम यांच्या १९६० च्या दशकातल्या आज्ञाधारकतेच्या प्रयोगाची चित्रफीत येते. ती फीत खरी, पण तिचा एन्रॉनशी काही संबंध नाही. दिग्दर्शक ॲलेक्स गिबनी तिथे आपलं मत मांडतोय, साधीसुधी माणसं वरून हुकूम आला की कुठवर जातात याबद्दल. मला ते मत पटतं. तरी ते मत आहे, अशी नोंद केली.

चौथ्या रकान्यात संगीत. चालू दृश्यावर गंमतीचं गाणं आलं की आपण पात्राला हसायला लागतो. आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा पाहा. मी स्किलिंग यांच्या दोन दृश्यांवर हे करून पाहिलं आणि माझ्या पाच ओळींतली एक ओळ खोडली.

७. चित्रपट कुठल्या तारखेला संपला, ते पाहा

माहितीपट एका दिवशी पूर्ण होतो, प्रकरण चालूच राहतं. हा चित्रपट २००५ मध्ये आला. ले आणि स्किलिंग दोषी ठरले मे २००६ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर. ले यांचं जुलै २००६ मध्ये निधन झालं आणि अपील व्हायच्या आधीच मृत्यू आल्यामुळे त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायद्यानं रद्दबातल झाला. स्किलिंग यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये ती चौदांवर आली, २०१९ मध्ये ते सुटले. लेखापरीक्षक कंपनी आर्थर अँडरसन २००२ मध्ये दोषी ठरली होती. तो निकाल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिरवला, पण तोवर कंपनीचं कामकाज जवळजवळ संपलेलं होतं.

ब्राझीलवरचा 'द एज ऑफ डेमोक्रसी' २०१९ मध्ये आला तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष लुला तुरुंगात होते आणि चित्रपटाचा सूर सगळं संपल्याचा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लुला बाहेर आले, २०२१ मध्ये त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि २०२२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. २०१९ साली तो पाहणाऱ्याला जो चित्रपट दिसला, तो आज तुम्हाला दिसणार नाही.

तेव्हा शेवटची पाटी आली की घटनाक्रमाच्या पानावर जाड रेघ मारा आणि तिच्याखाली पुढचं लिहा.

८. गाळलेला तुकडा आपल्याकडे शोधा

आता मावशींच्या "एवढंच?" कडे येतो.

चित्रपटाचा दाभोळबद्दलचा मुद्दा थोडक्यात असा: वीज परवडणार नाही अशा ठिकाणी एन्रॉननं प्रचंड केंद्र बांधलं, त्यात पैसे बुडवले, आणि न आलेल्या नफ्यावर अधिकाऱ्यांनी मात्र मोठाले बोनस घेतले. ह्यूस्टनहून पाहिलं तर गोष्ट एवढीच आहे. कंपनीचा तोटा हे तिचं मोजमाप आहे.

इकडून पाहिलं की गोष्ट दुसरीकडून सुरू होते. पहिलं म्हणजे दाभोळ हे नावच पुरतं खरं नाही. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. फेरीबोटीनं इकडून तिकडे गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मग जमिनी, पाण्याची टंचाई, गरम पाणी खाडीत सोडलं तर मासळीचं काय होईल ही भीती. वेलदूरच्या कोळी बायका मोर्च्यात पुढे होत्या, पोलिसांच्या लाठ्या आणि अटका झाल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं १९९९ मध्ये याच प्रकरणावर अहवाल काढला. १९९५ च्या निवडणुकीत 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा गाजली होती आणि वर्षभरातच प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. त्याचं उत्तर आमच्याकडे अजून मागतात. २००१ मध्ये माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीनं करारांची चिरफाड केली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची कंपनी झाली आणि ते केंद्र तिच्याकडे गेलं.

यातलं काहीही चित्रपटात नाही, आणि मी त्याबद्दल गिबनींना दोष देत नाही. पावणेदोन तासांत अमेरिकी प्रेक्षकाला हिशेबाची फसवणूक समजावणं हेच मोठं काम आहे. पण जो हे पाहतो त्यानं स्वतःला विचारावं: जगातल्या इतर प्रकरणांतही असाच कुणाचा तरी गुहागर तालुका दोन वाक्यांत उरकला गेला असेल का? मला वाटतं, असतोच.

हे काम असं करा. घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, तारखा विचारू नका, "तेव्हा तुम्ही कुठं होतात?" असं विचारा. मग ते वर्तमानपत्रात पडताळा. आठवणीत दोन मोर्चे एक होतात, वर्षं सरकतात. मावशींनी सांगितलेल्या एका प्रसंगाचं वर्ष जुन्या अंकांत वेगळं निघालं. प्रसंग मात्र खरा होता, बातमी होती.

तुम्ही मुंबई-पुण्याचे असाल तर तुमचा तुकडा वेगळा असेल. 'इनसाइड जॉब' पाहताना २००८ मध्ये ज्याची आयटीतली नोकरी गेली त्याच्याशी बोला.

९. यानंतर काय पाहावं, कोणत्या क्रमानं

दुसरा माहितीपट 'कलेक्टिव्ह' घ्या. ३० ऑक्टोबर २०१५ ला बुखारेस्टमधल्या कोलेक्टिव्ह नावाच्या क्लबला आग लागली. एकूण चौसष्ट माणसं गेली, त्यातली बरीच नंतर रुग्णालयात. लोक रस्त्यावर आले, पंतप्रधान व्हिक्टर पोंटा यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे एका क्रीडा दैनिकानं, हो, क्रीडा दैनिकानंच, शोधून काढलं की रुग्णालयांना पुरवलेलं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. दिग्दर्शक अलेक्झांडर नानाऊ यांनी त्या पत्रकारांच्या टेबलाशी कॅमेरा लावला आणि नंतर नव्या आरोग्यमंत्र्यांच्या दालनात. याला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट, अशा दोन्ही विभागांत नामांकन होतं. यात निवेदन नाही, समोर बसवून घेतलेल्या मुलाखती नाहीत. म्हणून घटनाक्रमाचं पान इथे एन्रॉनपेक्षाही जास्त लागतं. आगीचं मोबाईलवरचं चित्रण आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमेचं एक दृश्य फार जड आहे. सोबतच्यांना आधी सांगा. ज्यांच्या घरात असा प्रसंग झाला आहे त्यांना आग्रह करू नका.

तिसरा 'द फॉग ऑफ वॉर'. एरल मॉरिस यांचा, २००३ चा. याला नामांकन आणि पुरस्कारही मिळाला. १९६१ ते १९६८ अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅकनमारा पंच्याऐंशीव्या वर्षी कॅमेऱ्याकडे थेट पाहत बोलतात. १९४५ ची टोकियोवरची आगीची बॉम्बफेक, १९६२ चं क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचं संकट, व्हिएतनाम. इथे सापळा उलटा आहे. एन्रॉनमध्ये आरोपी बोलत नव्हते, इथे बहुतेक वेळ तेच बोलतात. मॅकनमारा हुशार आहेत, हळवे होतात, चुका मान्य करतात, आणि काही प्रश्नांना शिताफीनं बगल देतात. कुठला प्रश्न त्यांनी टाळला, त्या प्रत्येक ठिकाणी वहीत फुली मारा. दोन्ही वेळा पाहून माझ्या फुल्यांची संख्या वेगळी आली. आणि हा चित्रपट पाहताना व्हिएतनामी माणूस किती वेळ दिसतो, तेही मोजा.

चौथा 'द एज ऑफ डेमोक्रसी'. पेट्रा कोस्ता स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या कुटुंबासकट गोष्ट सांगतात. आईवडील डाव्या चळवळीतले, तर आजोळ मोठ्या बांधकाम कंपनीच्या संस्थापकांपैकी. आपली बाजू त्या लपवत नाहीत, हे मला आवडलं. पण एका जुन्या छायाचित्रात मृत कार्यकर्त्यांशेजारची शस्त्रं त्यांनी पुसून टाकली होती, हे नंतर ब्राझीलमधल्या पत्रकारांनी उघड केलं. शस्त्रं पोलिसांनी मागाहून ठेवली होती, असं कोस्ता यांचं म्हणणं. तसं असेलही. मग ते चित्रपटातच सांगायला हवं होतं. जुनं छायाचित्र दिसलं की त्याची मूळ प्रत शोधून पाहायची सवय मला इथून लागली.

'द ॲक्ट ऑफ किलिंग' याच्याही नंतर. तो पाहण्याआधी इंडोनेशियाच्या १९६५ बद्दल किमान एक संध्याकाळ वाचन करा. श्रेयनामावली आवर्जून शेवटपर्यंत पाहा. तिथे एकामागून एक 'अनामिक' असं लिहिलेलं येतं. त्या देशातल्या ज्या माणसांनी हा चित्रपट करायला हातभार लावला, त्यांना स्वतःचं नाव देणं धोक्याचं होतं. आम्ही दुसऱ्यांदा तो पाहिला तेव्हा ती नामावली संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

१०. चारचौघांत दाखवायचा असेल तर

घरी मित्रांसोबत पाहणं वेगळं आणि वाचनालयाच्या सभागृहात फलक लावून दाखवणं वेगळं. तुम्ही भरलेली वर्गणी घरगुती पाहण्यापुरती असते. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट लावलेलं नसलं तरी. काही ऑनलाइन मंच त्यांच्या निवडक माहितीपटांना शैक्षणिक खेळाची मुभा देतात, ती अट त्या चित्रपटाच्या पानावर दिलेली असते. महाविद्यालयात दाखवणार असाल तर ती आधी वाचा. सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. त्यापेक्षा जवळच्या फिल्म सोसायटीला सोबत घ्या, त्यांना ही वाट माहीत असते. कुठला चित्रपट कुठल्या मंचावर आहे, ते सारखं बदलतं, तेव्हा तारीख जाहीर करण्याआधी त्याच आठवड्यात पडताळून पाहा. फुकटात उतरवलेली चोरीची प्रत वापरू नका. दहा-दहा वर्षं घालून, कधी जीव धोक्यात घालून केलेलं काम असतं हे.

बैठक पंधरा माणसांच्या आत ठेवा. चित्रपटाआधी दहा मिनिटं घटनाक्रमाचं पान वाचून दाखवा, त्याच्या प्रती काढून हातात द्या. मधे थांबवायची मुभा फक्त एकाला असू द्या: ज्याच्या गावाची गोष्ट पडद्यावर आली आहे, त्याला.